‘जमत नसेल तर राजीनामा द्या’ म्हणणाऱ्यांस

महोदय,

सरकारी बँकेतल्या नोकरीतलं समाधान का आटत चाललंय यावर मी लिहिलं. त्यावर आपण म्हणता, ‘एसीत बसून महिन्याच्या महिन्याला पगार घेता, दोन शनिवार सुट्टी, वर हे रडगाणं. जमत नसेल तर राजीनामा द्या.’ मतभेदाचं मला वावडं नाही. पण स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याच्या उभ्या नोकरीला ‘रडगाणं’ म्हणायचं, ही कुठली रीत?

लंच टाइमची पाटी टेकवून म्हाताऱ्या पेन्शनरांना ताटकळत ठेवणारे आमच्यात आहेत, हे मान्य. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टीही 2015 पासून मिळते.

आता राजीनाम्याचं. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा मी कॅशला होतो. हिशोब जुळेपर्यंत रात्री उठता यायचं नाही. बंडलात खोट्या नोटा निघाल्या, त्या मी माझ्या खिशातून भरल्या. तेव्हा राजीनामा मनातही आला नाही, कारण रांगेतल्या माणसाचं काम माझ्या हातून होत होतं. कष्टाला कोण कंटाळतो, साहेब?

मन विटलं ते पुढे. पीककर्ज नवंजुनं करायला आलेल्या शेतकऱ्याच्या कागदांत विमा पॉलिसीचा फॉर्म सरकवायचा, आणि ‘हे कर्जाला लागतंच’ असा त्याचा समज झाला तर तो होऊ द्यायचा. मी त्याला सांगायचो, ‘काका, हे घ्यायलाच पाहिजे असं नाही.’ संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठल्या शाखेने किती पॉलिसी विकल्या याची यादी पडायची. आमच्यापुढे शून्य. मग वरून फोन, मग आडून बदलीची भाषा. त्यात एप्रिल 2020 मध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. विलीनीकरणात शेजारची शाखा बंद झाली, तिची खाती आमच्याकडे आली, माणसं आली नाहीत. पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजींशी दोन शब्द बोलायची सोय राहिली नाही. त्या रांगेत एसी चालू होता की बंद, हे खरंच कुणाच्या लक्षात नसायचं.

मी राजीनामा दिला असता, तर त्या खुर्चीत न बोलता फॉर्म पुढे करणारा कुणीतरी बसला असता. आपलं पीककर्ज असतं तर आपल्याला तो चालला असता का?

खासगी बँका, संप, पेन्शन हे आपले बाकीचे मुद्दे माझ्या लेखात नव्हतेच, त्यांना उत्तर देत नाही. पुढच्या वेळी नाव लिहून या.