पंधराव्या नंबरची टीम आणि गप्पा चौथ्याच्या? : एका कमेंटला उत्तर

भिया, तुमची कमेंट वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा डोकंच फिरलं होतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आत्ता ऑगस्ट २०२५, इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू व्हायच्या बेतात. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमची मँचेस्टर युनायटेड पहिल्या पाच मॅचमध्ये ८ पॉइंट काढेल, मे महिन्यात चौथ्या-पाचव्या नंबरच्या भांडणात असेल आणि आता खरेदी एकच बाकी आहे, मिडफिल्डर. त्यावर ह्यांचं म्हणणं असं की पंधराव्या नंबरच्या टीमचा फॅन शेखचिल्लीसारखा बोलतोय, क्लबने सगळा पैसा फॉरवर्डवर उधळला, आधी गोलकीपर घ्यायला हवा होता, आणि इंदूरमध्ये बसून मँचेस्टरची काळजी वाहण्यापेक्षा मी आयएसएलवर, म्हणजे आपल्या भारतातल्या फुटबॉल लीगवर लिहावं.

शेवटचं आधी उरकतो. आयएसएलवर लिहायला काय आहे सध्या? लीग चालवणाऱ्या कंपनीशी फेडरेशनचा करार डिसेंबरात संपतोय, नवा झाला नाही, म्हणून जुलैपासून अख्खा सीझनच लटकलाय. फिक्स्चरच नाहीत तर मी काय अंदाज लावू, कपाळ? आणि इंदूरचं म्हणाल तर ज्या गावात सेहवागचे २१९ झाले त्या गावात शनिवारी रात्री रिमोट मागणं म्हणजे काय असतं ते आमचं आम्हालाच माहिती, तुम्ही त्यात भर घालू नका.

आता मागच्या सीझनचा (२०२४-२५) पंधरावा नंबर. हो, ४२ पॉइंट, १८ हार, आणि वर बिल्बाओला टॉटनहॅमसमोर युरोपा लीगची फायनल घालवली ती वेगळी. त्यांच्या फान दे फेनने हवेत उलटा होऊन गोललाइनवरून काढलेला तो बॉल मला अजून झोपेत दिसतो, त्यामुळे मला आठवण करून द्यायची काही गरज नव्हती. पण तुम्ही जो आकडा बघायला हवा होता तो बघितलाच नाही. ३८ मॅचमध्ये गोल किती? ४४. होयलुंडचे लीगमध्ये ४, झिर्कझीचे ३. म्हणजे दोन्ही स्ट्रायकर मिळून ७. तिकडे आता आम्ही घेतलेल्यांपैकी म्ब्यूमोने एकट्याने ब्रेंटफर्डसाठी २० मारले आणि कुन्याने वुल्व्ससारख्या टीममध्ये १५. आता ज्या टीमला गोलच करता येत नाही तिने आधी गोलकीपर घ्यायचा? आमचा कीपर ओनाना, त्याच्या चुका मला मान्य आहेत हो, ल्योनविरुद्धच्या पहिल्या लेगमध्ये त्याने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि आता तर तो हॅमस्ट्रिंगची दुखापत घेऊन बसलाय. तरी क्रम विचाराल तर मी फॉरवर्ड, मग मिडफिल्ड, मग कीपर असाच लावीन.

आणि ते "२०० मिलियन पाण्यात" वगैरे जे लिहिलंय ना, त्यावर जरा थांबतो, कारण हा गैरसमज सगळीकडे दिसतो. तिसरा नवा फॉरवर्ड शेस्को धरून तिघांचे २०० मिलियन पौंडाच्या घरात जातात हे खरं, पण हिशोबाच्या वहीत ते एका वर्षात पडत नाहीत, करार जितक्या वर्षांचा तितक्या भागात पडतात. म्ब्यूमोचे ६५ मिलियन, करार २०३० पर्यंत, म्हणजे वर्षाला १३. तीन वर्षांत १०५ मिलियनपेक्षा जास्त तोटा चालत नाही हा जो लीगचा २०२५-२६ सीझनचा नियम आहे त्यात हे १३ मोजतात, ६५ नाही. त्यामुळे आमची खरी पंचाईत विकण्यात आहे. आमच्या विंगर अँटनीचंच घ्या. २०२२ ला ९५ मिलियन युरो दिले, पाच वर्षांचा करार. तीन वर्षं झाली, वहीत अजून ३८ मिलियन उरलेत. स्पेनच्या बेतिसला तो हवाय पण इतके पैसे ते देणार नाहीत, आणि ३८ च्या खाली जितक्याला विकाल तितका तोटा ह्याच वर्षी नावावर. गाडी हप्त्यावर घेतलेली, बाजारात कोणी अर्धे पैसे देत नाही आणि बँकेचे हप्ते मात्र बाकी, तशातली गत. उलट गार्नाचो आपल्या अकॅडमीतून वर आलेला, त्याची वहीतली किंमत जवळपास शून्य, म्हणून तो चेल्सीला गेला तर जे येतील ते सगळेच नफा. पोरगा गेला तर मला वाईट वाटेल, पण रॅशफर्ड बार्सिलोनाला लोनवर आणि हा पण बाहेर असं का चाललंय ते समजायला ही वही उघडावी लागते, नुसतं "क्लब अकॅडमीची कदर करत नाही" म्हणून भागत नाही.

मिडफिल्डरच का म्हणतोय ते सांगतो. आमचा मॅनेजर अमोरिम ३-४-२-१ खेळवतो, म्हणजे मधे दोनच माणसं. कुन्या आणि म्ब्यूमो त्या पुढच्या दोन जागांवर आले की कॅप्टन ब्रूनोला मागे मधल्या जोडीत यावं लागणार. आणि ब्रूनो कसा आहे तुम्हाला माहितीये, बॉल मिळाला की चाळीस यार्डांचा पास टाकायची खाज, चारातला एक लागतो आणि लागला की स्टेडियम उभं राहतं, पण उरलेले तीन तुटतात ना, तेव्हा समोरच्यांचे तीन मिडफिल्डर सुटलेत आणि आपला एकटा कासेमिरो मागे धावतोय, तेहतीस वर्षांचा, हात वर करून कोणाला तरी ओरडतोय. हे मागच्या सीझनला बघून बघून पाठ झालंय. उगार्टे अडवतो चांगलं पण बॉल पायात आला की गडबडतो. म्हणून ब्रायटनचा मिडफिल्डर बालेबा. एकवीस वर्षांचा, पळतो पण आणि खेळतो पण. अडचण एकच, ब्रायटन. ह्यांनी आपल्या कैसेदोचे चेल्सीकडून १०० मिलियन वाजवून घेतलेत, ते काय सोडतात होय स्वस्तात. माझं मत विचाराल तर १ सप्टेंबरला आपल्या रात्री साडेअकराला खरेदी-विक्रीची विंडो बंद होते, तोवर जमलं तर ठीक, नाही जमलं तर शेवटच्या रात्री घाबरून कोणीतरी भलताच उचलू नये. आपल्याच अकॅडमीचा कोबी मेनू आहे की घरात, त्याला खेळवा.

फिक्स्चरबद्दल तुम्ही म्हणालात "८ पॉइंट कुठून आणणार". घ्या मोजून. रविवारी रात्री ९ ला आर्सेनल घरी, ड्रॉ. पुढच्या रविवारी फुलहॅमकडे जिंकू. ३० ला बर्नली घरी, जिंकायलाच पाहिजे, नाही तर मी स्वतः ब्लॉग बंद करीन. मग इंटरनॅशनल ब्रेक, आणि नशीब बघा, अनंत चतुर्दशी नेमकी त्यातच पडतेय, म्हणजे इंदूरच्या मिलच्या गणपतीच्या झांक्या बघायच्या रात्री फोनमध्ये स्कोअर बघावा लागणार नाही. त्यानंतर मँचेस्टर सिटीकडे, तिथे मी हार धरलीये. २० सप्टेंबरला चेल्सी घरी, ड्रॉ. झाले आठ. ह्यात शेखचिल्ली कुठे आला? मी आर्सेनलला हरवतोय असं तरी लिहिलंय का?

चौथ्या-पाचव्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते तुम्ही वाचलंच नाही बहुतेक. ह्या वर्षी युरोप नाही, म्हणजे युरोपातल्या क्लब स्पर्धा नाहीत. मागच्या सीझनला ६० मॅच खेळली ही टीम, अमोरिम नोव्हेंबरात आला आणि दर तीन-चार दिवसांनी मॅच, प्रॅक्टिस करणार कधी? नवी सिस्टीम काय विमानात शिकवायची? आता मंगळवार-बुधवार-गुरुवार मोकळे. चेल्सी २०१५-१६ ला दहावी होती, पुढच्या वर्षी युरोप नव्हता, त्यांचा मॅनेजर कॉन्टेने मधेच तीन डिफेंडरची सिस्टीम आणली आणि लीग जिंकली. तुम्ही लगेच २०२३-२४ ची चेल्सी काढाल, युरोप नसून सहावी. बरोबर, पण त्याच्या आधीच्या वर्षी ती बारावी होती! आणि आमचंच बघा ना, २०१४-१५, मॅनेजर लुई फान खाल ह्याचं पहिलं वर्ष, युरोप नाही, तीन डिफेंडर, पहिल्याच मॅचला घरी स्वान्सीकडून हरलो, दहा दिवसांनी एमके डॉन्सकडून ४-०. तेव्हाही लोक असंच बोलत होते. मे मध्ये चौथे होतो. हां, तीन डिफेंडर त्याने मधे सोडून दिले होते, आणि अमोरिम ते सोडेल असं काही दिसत नाही, तिथे मला पण धाकधूक आहे. तुम्ही त्यावर लिहिलं असतं तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं.

युरोप नाही म्हणजे रात्री साडेबाराच्या मॅच नाहीत, ह्या गोष्टीचा आमच्या घरी माझ्यापेक्षा बायकोला जास्त आनंद झालाय, ते एक असो.

आता तुमचा आकडा सांगा. नुसतं "जमणार नाही" नको, पाच मॅच, पाच निकाल, रविवारी नऊच्या आत इथेच खाली लिहा. २० सप्टेंबरला रात्री चेल्सीची मॅच संपली की दोघांचे जुळवून बघू. आणि आर्सेनलचे फॅन असाल तर तेही आधीच सांगून टाका, कमेंटच्या भाषेवरून मला जरा संशय आहेच.