वाढ थांबली, टोमॅटो नाही

बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं होतं, ‘झुडपी जात. मांडव नको, छाटणी नको, उंची अडीच ते तीन फूट.’ इतका कमी मागण्या असलेला जीव मला आयुष्यात भेटला नव्हता. आदल्या हंगामात मी वेलासारखा चढणारा टोमॅटो लावला होता. तो माझ्या डोक्यावरून गेला, आणि सुतळीच्या त्या गुंत्यात शेवटी कोणी कोणाला बांधलंय हेच कळेना.

पेरताना एका खळग्यात एक-दोन बिया घालायच्या असतात. पण आपल्या हातून काहीच उगवणार नाही असं मनाशी धरून मी अख्खं पाकीट ओतलं. चार दिवस रोज बोटानं माती उकरून ‘आलं का?’ असं पाहिलं. आठव्या दिवशी 34 कोंब हजर. मी आनंदानं त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं, त्यातल्या सात जणांनी मुळाशी कुजून माना टाकल्या. उरली 27. जागा होती चार कुंड्यांची.

उगवलेलं रोप उपटून फेकायचं धाडस माझ्यात नाही. म्हणून ती 23 रोपं मी शेजारीपाजारी, नात्यात, मित्रांत वाटली. लोक इतके खूश झाले की चार दिवस मी कर्णाच्या थाटात वावरत होतो. (हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.)

माझी चार रोपं मी खालची पानं खुडून खोल लावली. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर तिथूनही मुळं फुटतात. आईला हे पटलं नाही. ‘गळ्यापर्यंत पुरलंस रे त्यांना,’ म्हणाली आणि आत गेली.

रोपांची उंची मोजायचं काम लेकीनं घेतलं. कुंडीत लांब पट्टी रोवून ती रोज वहीत आकडा लिहायची. एका संध्याकाळी तिनं जाहीर केलं, ‘बाबा, चार दिवस झाले, 76 सेंटिमीटरच.’ माझ्या पोटात गोळा आला. ऐन तारुण्यात वाढ खुंटली! मी लगोलग नत्राचं खत घातलं. मग आणखी थोडं. पानं अशी तरारली की कुंडी दिसेना, आणि कळ्या मात्र रुसल्या.

खरं तर झाड आजारी नव्हतंच, त्याचं ठरलं होतं. झुडपी टोमॅटोचा शेंडा ठरावीक उंचीवर फुलांचा घोस होऊन संपतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1914 साली असं थांबणारं झाड आपसूक निपजलं, आणि त्या जनुकाला पुढे नाव पडलं ‘स्वतःची छाटणी स्वतः करणारा’. माझ्या ओळखीत हा गुण कोणातच नाही, माझ्यात तर नाहीच. कारण तोवर एका व्हिडिओतल्या गृहस्थांचा आत्मविश्वास बघून मी एका कुंडीतल्या सगळ्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, चिमटून टाकल्या होत्या. ते गृहस्थ वेलाच्या टोमॅटोबद्दल बोलत होते. झुडपी जातीत फळं धरतात ती त्या बगलफुटींवरच. त्या कुंडीनं पुढे मला मोजून पाच टोमॅटो दिले, तेही उपकार केल्यासारखे.

उशिरा का होईना, फुलं आली. टोमॅटोचं फूल स्वतःच परागण करतं, फक्त त्याला जरा हलवावं लागतं. वारा हलवतो, काही भुंगे पंखांच्या स्नायूंनी थरथरवतात. माझ्याकडे भुंगा नव्हता, बॅटरीचा टूथब्रश होता. सकाळी साडेसहाला मी घोसांच्या देठांना तो ‘घूंऽऽ’ करत लावत असताना शेजारच्या काकांनी वर पाहिलं, दोन क्षण थांबले, आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली.

फळं धरली. मग त्यांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग पडायला लागले. मी रोग समजून फवारे मारले, अंड्यांची टरफलं कुटून घातली. दोष पाण्याचा होता. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि मी तीन दिवस विसरून चौथ्या दिवशी थकबाकी भरल्यासारखं एकदम बादलीभर ओतत होतो. पाणी वेळेवर द्यायला लागल्यावर नवी फळं स्वच्छ आली.

‘मांडव नको’ हे पाकिटावरचं वचन खरं होतं. फळांच्या वजनानं झाड जमिनीवर आडवं पडायला त्याला मांडव लागतच नाही. शेवटी लेकीच्या पट्टीलाच एक फांदी बांधली, तेव्हा मोजमापखातं बंद झालं.

आणि मग एका आठवड्यात सगळे पिकले. वेलावर महिनोन्‌महिने चार-चार मिळतात. झुडपी जात सगळा हिशेब दोन-तीन आठवड्यांत चुकता करते. पहिल्या खेपेला अर्धवट लाली आलेले काढून मी एका खोक्यात दाटीवाटीनं ठेवले. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो बाकीच्यांनाही पिकवतो, म्हणजे मी गोंधळ कमी करायला तो खोक्यात कोंडला होता. पाच दिवस सूप झालं. सहाव्या दिवशी लेकीनं ताट पुढे सरकवून विचारलं, ‘आज पण?’

मी मोठी पिशवी भरली आणि शेजारच्या काकांची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि चेहऱ्यावर सुटकेचा आनंद.

‘अहो, बरं झालं तुम्हीच आलात! तुमच्याच रोपांचे आहेत.’

त्यांच्यामागे टेबलावर आणखी एक परात दिसत होती. खिशात फोन वाजला, आत्याचा होता. ती म्हणाली, घरी आहेस ना, पाच मिनिटांत येतेय, हातात जरा ओझं आहे.

मी एक पिशवी देऊन दोन घेऊन आलो. काकांचे जरा मोठे होते.