छत्तीसचा आकडा

"काका, ढकलू का?"

सातवी-आठवीतला पोरगा. पाठीवर क्लासची बॅग, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. आवाजात चेष्टा अजिबात नव्हती, तेच जास्त लागलं. चेष्टा केली असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण त्यानं मनापासून विचारलं, म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी घ्यावी तसं. आणि मी जी सायकल धरून उभा होतो तिला २५० वॉटची मोटर होती, दोन बॅटऱ्या होत्या, फ्यूज होता, हँडलवर लाल बटण होतं. त्याच्या सायकलला घंटीसुद्धा नव्हती.

वेळ संध्याकाळी सातची, जागा साताऱ्यातली राजवाड्याची चौपाटी. भेळेच्या गाड्यांसमोरचे पाच-सहा चमचे हवेत थांबलेले मी स्वतः पाहिले.

मी राहतो समर्थ मंदिराकडं आणि ऑफिस पोवई नाक्याला. सातारकरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की सकाळी उताराला सायकल मला नेते आणि संध्याकाळी चढाला मी सायकलला आणतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सायकल चालवा पण चढ चढू नका. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला हा सल्ला देताना त्यांनी फी मात्र पूर्ण घेतली. सायकल वडिलांची. काळी, २२ इंची फ्रेम, २८ चं चाक, रॉड ब्रेक. ती विकून नवी घ्यायची नाही, हे ठरलेलं. म्हणजे मोटर बसवायची. आता मोटरीचं तयार किट आणायचं की सुटे भाग जमवून घरीच काहीतरी उभं करायचं? पुण्याहून चिरंजीवांचा फोनवर निकाल आला, "बाबा, रेडीमेड घ्या. डोकं लावू नका."

घेतलं. चौदा हजार. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, कंट्रोलर, थ्रॉटल, पेडलचा सेन्सर, दोन ब्रेक लिव्हर. बॅटरी वेगळी. विकणारा म्हणाला, "युनिव्हर्सल आहे सर, कुठल्याही सायकलला बसतं. रिम तुमचीच, फक्त स्पोक बदलायचे."

खोकं घेऊन मी आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी हब हातात घेतलं, एकदा फिरवलं आणि खाली ठेवलं.

"छत्तीस भोकं हायत."

"मग?"

"तुमच्या पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक, मागच्याला चाळीस. ह्या जुन्या सायकलींना तसंच असतंय. वजन मागं पडतंय, म्हणून मागं जास्ती."

"मग छत्तीसचं कुठं बसणार?"

"कुठंच न्हाई."

युनिव्हर्सल या शब्दाचा अर्थ मला त्या फळकुटावर बसून कळला. विश्वात कुठं ना कुठं बसतं. आपल्याकडंच असं नाही.

तेवढ्यात जुन्या टायरांच्या ढिगापलीकडून आवाज आला, "मोजलेत का?"

हे अण्णा. पांढरा लेंगा, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. एसटीच्या वर्कशॉपात होते असं ते सांगतात. अण्णांकडं सायकल नाही. तरी रोज नऊला ते दुकानात येतात आणि एकला जेवायला जातात. ते कोण लागतात म्हणून मी मिस्त्रींना एकदा विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "मला वाटलं तुमच्या वळखीचे हायत."

"मोजायचं काय त्यात अण्णा, ठरलेलं असतंय," मिस्त्री म्हणाले.

"मोजल्याबिगर बोलू नये माणसानं."

मग त्यांनी खडू घेतला, माझ्या सायकलीच्या मागच्या चाकापुढं उकिडवे बसले आणि व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. प्रत्येक स्पोकला बोट लावून, मोठ्यानं. एकोणतीसला आले तेव्हा एक बाई स्कूटीत हवा भरायला आल्या. अण्णा म्हणाले, "तिकडं पाइप हाय," आणि आकडा विसरले. दुसऱ्या खेपेला प्रत्येक स्पोकवर खडूची रेघ मारली. एक्केचाळीस भरले. कारण पहिल्यावरची रेघ तोवर त्यांच्याच बाहीनं पुसली होती. पंक्चर काढता काढता मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "चाळीस." तिसऱ्या खेपेला एकोणचाळीस. "एक तुटलाय," अण्णांनी जाहीर केलं आणि पुढची पाच मिनिटं नसलेला तुटका स्पोक शोधला. मी ऑफिसला पाऊण तास उशिरा पोचलो तो या शोधामुळं.

शेवटी चाळीस मान्य झाले. अण्णांनी फरशीवर खडूनं बेरीज मांडली.

"बत्तीस आन् चाळीस?"

"बहात्तर."

"निम्मं किती?"

"छत्तीस," मी म्हणालो आणि गप्प झालो.

"मग?" अण्णांनी खडू खाली ठेवला. "आवं, दोन चाकं म्हंजे दोन भाऊ. धाकट्याला बत्तीस, थोरल्याला चाळीस, ही वाटणीच मुळात चुकलीय. थोरल्याचे चार काढा, धाकट्याला द्या. छत्तीस-छत्तीस. तंटा मिटला."

खोटं कशाला सांगू, दोन सेकंद मला ते पटलं होतं. इतकी स्वच्छ वाटणी मी सातबाऱ्यावरसुद्धा पाहिलेली नाही. मग भान आलं.

"अण्णा, रिमला भोकंच बत्तीस आहेत."

"चार पाडायची. आन् मागची चार बुजवायची. एमसील हाय की."

मिस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी आणखी एक बातमी दिली. छत्तीस भोकांच्या रिमा मिळतात, पण त्या दुसऱ्या सायकलींच्या. रॉड ब्रेकची रबरं रिमला आतून, टायरच्या विरुद्ध बाजूनं घासतात. तिथं तशी सपाट जागा असलेली रिम लागते. म्हणजे रिम बदलली की ब्रेक बदला, ब्रेक बदलले की हँडल बदला. वडिलांच्या सायकलीतली मग फक्त वडिलांची आठवण उरणार.

अण्णांचं संपलं नव्हतं. "ॲव्हरेज किती देती?"

"बॅटरीवर आहे अण्णा."

"आन् पासिंग?"

हे मी वाचून गेलो होतो, त्यामुळं जोरात सांगितलं. मोटर पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ती कायद्यानं मोटारगाडी धरत नाहीत. लायसन नको, नंबरप्लेट नको.

"साठ किलोत तुमाला धरून का?"

"नाही."

"मग बराय," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. हे सगळं सरकारमान्य चाचणी संस्थेनं तपासलेलं असावं लागतं, ते मी बोललो नाही. माझी तपासणी अण्णाच करत होते.

"येवढ्या पैशात जुनी लुना आली आसती," ते उठता उठता म्हणाले. "तिलाबी पायडल, हिलाबी पायडल. तुमी नवीन काय करताय?"

याला उत्तर नव्हतं आणि अजून सापडलेलं नाही. लुना १९७२ साली आली. ५० सीसी, पेडल मारून चालू करायची आणि चढाला इंजिन धापा टाकायला लागलं की पुन्हा पेडल मारून त्याला मदत करायची. आमच्या शेजारी एक होती. तिच्यावर बसून आलेला माणूस चालत आलेल्यापेक्षा जास्त घामाघूम असायचा. पन्नास वर्षांनी मी मोठ्या अक्कलहुशारीनं तिथंच येऊन पोचलो होतो.

किट परत द्यायला गेलो.

"बॉक्स उघडलाय सर."

"न उघडता भोकं कशी मोजायची?"

"ते तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं."

आता मला सांगा, मोटर घेताना 'भोकं किती' असं विचारायला कुणाला सुचतं? विकणारा म्हणतो आम्ही विकतो, बसवून देत नाही. मिस्त्री म्हणतात बसवीन, पण जबाबदारी तुमची. चिरंजीव म्हणतात, "बाबा, स्पेसिफिकेशन वाचायचं असतं." सगळ्यांचं बरोबर आहे आणि चौदा हजार माझे गेलेत. इथं मला विनोद सुचत नाही. आपल्याकडं प्रत्येक जण अर्धी वस्तू विकतो. उरलेली अर्धी म्हणजे गिऱ्हाइकाची धावपळ, ती फुकटात. तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून बसलेले असतात, म्हणून छत्तीसचा आकडा म्हणतात. मी, दुकानदार आणि रिम असे तिघं तसे बसलो होतो. किट माळ्यावर गेलं. ते चढवताना हिनं शिडी धरली आणि एक शब्द बोलली नाही. मला तो शब्द ऐकू आला.

त्या रागात मी घरी बनवायचं ठरवलं. डोकं लावू नका म्हणणाऱ्यांना दाखवायचंच.

२४ व्होल्टची गिअरवाली डीसी मोटर आणली. गिअरमधून मिनिटाला साधारण ३०० फेरे. तिच्या चक्रीला नऊ दाते. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला लेथवाल्याकडून बुश करून १८ दात्यांची दुसरी फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चक्री, चढवली. म्हणजे चाकाचे फेरे १५०. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे तासाला वीस किलोमीटर. हा हिशोब मी वहीत तीनदा केला. इतकं समाधान मला लग्नाच्या याद्यांतही मिळालं नव्हतं. बॅटऱ्या यूपीएसमधल्या, १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरच्या दोन, कॅरिअरवर दुधाच्या क्रेटमध्ये. कागदावर चाळीस मिनिटं. पण तो सातचा आकडा वीस तासांच्या निवांत वापराचा असतो. घाईनं मागितलं की ही बॅटरी निम्म्यातच हात वर करते. चढाला तर मोटर घाईनंच मागते.

सपाटीला सायकल खरंच पळाली. गोडोलीच्या रस्त्याला मी एका रिक्षाला मागं टाकलं. ती थांबलेली होती, पण टाकलं.

चढ वेगळा. मोटर ज्या लोखंडी पट्टीवर बोल्ट केली होती ती जोर आला की केसभर पिळवटायची. केसभरच. पण चेनला तेवढं पुरतं. राजवाड्याच्या पुढं चढ सुरू झाला, मी लाल बटण दाबलं, मागून 'खर्रर्र कट्' असा आवाज आला आणि चेन उडून फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मध्ये जाऊन बसली. मागचं चाक जाम. पुढं जाईना, मागं येईना. मागून एक बोलेरो हॉर्न वाजवत होती. तिला मी तिथं हौसेनं उभा आहे असं वाटत असावं. सायकलवाल्याला रस्त्यात जागा कुठं असते, हा प्रश्न मी तिलाच विचारणार होतो, तेवढ्यात तो पोरगा आला.

स्क्रू ड्रायव्हर नव्हता. पोरानं कंपासपेटीतल्या करकटकाच्या टोकानं चेन एकेक कडी सोडवली. बोटं काळी झाली ती बिनदिक्कत पँटला पुसली. "काका, मोटर काढून टाका, हलकी होईल," तो म्हणाला. मग मी हँडल धरलं, त्यानं क्रेटला हात लावला आणि आमची वरात समर्थ मंदिरापर्यंत गेली. त्याची सायकल त्यानं दुसऱ्या हातानं आणली. मी त्याला पेढे घेऊन देतो म्हणालो, तर म्हणाला, "नको, क्लासला उशीर होईल." तो क्लास मोती चौकात, म्हणजे खाली होता. माझ्यासाठी पोरगं उलटं चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांना कळलेलं होतं. चौपाटीवर आठ वाजेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. अण्णा टायरांच्या ढिगाजवळ माझीच वाट बघत होते.

"लुना बघून ठेवलीय. करंजे पेठेत."

"अण्णा, आता नको."

"आवं ऐका तर. स्वस्तात देतोय. फकस्त इंजिन न्हाई."

"इंजिन नाही? मग आहे काय?"

"पायडल हायत की," अण्णा म्हणाले. मग खिशातून चुरगाळलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यावर पेन्सिलीनं पाच-पाचच्या गड्ड्यांत उभ्या रेघा मारलेल्या होत्या. "आन् स्पोक मोजून आलोय. पुढं छत्तीस, मागं छत्तीस. तुमची माळ्यावरची मोटर काढा खाली."

मी कागद घेतला आणि रेघा मोजल्या. सदतीस होत्या.