सीमा बंद केली तरी पेट्रोल का वाहतं?

बेनिन आणि नायजेरिया या पश्चिम आफ्रिकेतल्या शेजारी देशांमधल्या चोरट्या व्यापारावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, त्यातला जिवाचा धोका लेखात आलाच नाही. दोन, हा व्यापार म्हणजे गरिबी अधिक लाचखोरी, सीमेवर कडक पहारा बसवा, संपेल. पहारा बसवून झाला आहे. ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२० नायजेरियाने जमिनीवरची सीमा मालासाठी बंदच ठेवली. बेनिनच्या शेतकऱ्यांचे टोमॅटो, अननस अडकून सडले. तांदळाची ५० किलोची पोती मात्र मोटरसायकलींवरून आडवाटेने आणि खाडीतल्या होड्यांतून जात राहिली.

तांदळाचंच बघा. बेनिनमध्ये लोक मुख्यतः पांढरा तांदूळ खातात. उकडा खाणारा नायजेरिया. तरी बेनिनच्या कोटोनू बंदरात उकड्याची जहाजं लागतात, त्यातला बराच माल आपल्याच देशातून गेलेला. बेनिनचा कस्टम रीतसर जकात घेतो आणि पावती देतो. माल चोरटा ठरतो तो सीमा ओलांडल्यावर, कारण नायजेरियाने २०१६ पासून जमिनीवरून तांदूळ आणायला बंदी घातली आहे. यात लाच असतेच, पण ती वरची फोडणी. मूळ कारण दोन सरकारांची दोन धोरणं.

पेट्रोल उलट्या दिशेने, नायजेरियातून बेनिनमध्ये येतं. नायजेरियात सबसिडीमुळे ते स्वस्त होतं, म्हणून बेनिनच्या रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांतून ‘क्पायो’, म्हणजे हे चोरटं पेट्रोल, विकलं जाई. ते विकून बेनिनचं चलन, सीएफए फ्रँक, हातात येतो. तो युरोला बांधलेला (१ युरोला ६५५.९५७), त्यामुळे नायजेरियाच्या नायरासारखा घसरत नाही. त्याच फ्रँकमध्ये परतीचा माल घ्यायचा. बँकेची पायरी चढावी लागत नाही. उधारी नात्यावर चालते. योरुबा आणि गुन लोक दोन्ही बाजूंना आहेत. मधली रेघ इंग्रज-फ्रेंचांनी १८८९ च्या करारात ओढली.

मे २०२३ अखेर सबसिडी गेली. लिटरला २०० नायरांच्या आतलं पेट्रोल दोन महिन्यांत ६०० च्या वर गेलं आणि क्पायोचे कित्येक ठेले ओस पडले. पहाऱ्याला जमलं नाही ते दराने केलं. पण पुरतं नाही! जूनमध्ये नायरा कोसळला, फ्रँकच्या हिशेबात तेच पेट्रोल पुन्हा परवडू लागलं.

जिवाच्या धोक्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मूळ लेखात ते यायला हवं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सीमेलगतच्या सेमे-क्राके इथे अशाच साठ्याला आग लागून ३० हून अधिक माणसं गेली. स्कूटरला बांधलेले कॅन, घरातच साठा, नळीने पेट्रोल ओतणं. यात पेट्रोलची वाफ कोंडते आणि एक ठिणगी पुरते.