नेदरलँड्सचे तुरुंग: टाळं ठोकून सरकार मोकळं झालं नाही

‘नेदरलँड्समध्ये गुन्हेगारच उरले नाहीत, म्हणून सरकारने तुरुंगांना टाळं ठोकलं.’ हा मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा आला. माझे वडील तुरुंगात शिपाई होते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

‘गुन्हेगारच उरले नाहीत.’ कैदी घटले, हे खरं. २००५च्या सुमारास तिथे वीस हजार कैदी होते, दहा वर्षांत ते निम्म्यावर आले. गंभीर गुन्हे कमी झाले, शिक्षाही लहान होत गेल्या. पण २०१३ साली १९ तुरुंग बंद करायचं ठरलं, त्यामागे खर्चकपातही होती. ती मेसेजमध्ये नाही.

‘तुरुंग ओस पडले.’ टिलबर्गच्या तुरुंगात २०१० ते २०१६ बेल्जियमचे कैदी होते. फेनहाउझेन हे तर तुरुंगावरच जगणारं गाव. तिथल्या एका तुरुंगात २०१५पासून तीन वर्षं नॉर्वेचे कैदी ठेवले होते. कायदा नॉर्वेचा, पहारेकरी डच. बायकापोरांना भेटायचं तर त्यांनी समुद्र ओलांडून यायचं, नाहीतर स्काइपवर तोंड बघायचं. कैदी हलवला की त्याचं घरही लांब जातं, आणि त्याची जबाबदारी सरकारचीच असते.

‘आता तिथे हॉटेलं आहेत.’ रोरमोंडला आहे खरं. पण अ‍ॅमस्टरडॅमचा बायल्मरबायेस तुरुंग बघा. सहा उंच इमारती, त्यांना जोडणारा लांबच लांब बोळ. शहरातल्या बाजारपेठेच्या रस्त्यावरून त्याला काल्वरस्ट्राट म्हणत. २०१६ साली तो बंद झाला, मग तिथेच निर्वासितांना आसरा दिला. बहुतेक इमारती पुढे पाडल्या, आता तिथे घरं होतायत. इथले कैदीही गायब झाले नाहीत, त्यांना दुसऱ्या तुरुंगांत जागा द्यावी लागली.

‘टाळं ठोकलं.’ हा शब्द मला सगळ्यात लागतो. वडिलांच्या बदलीचा कागद ऐन सहामाहीत आला होता. आईने तो देव्हाऱ्याखाली ठेवला आणि आधी आमच्या शाळेचे दाखले काढायला गेली. एका शिपायाच्या बदलीत एवढं, तर अख्खा तुरुंग बंद होताना किती घरं हलतात! म्हणून आधी माणसांची सोय, मग कुलूप. आणि पुढे उलटंच झालं: २०२४पर्यंत नेदरलँड्समध्ये कोठड्या कमी पडू लागल्या, पहारेकरी त्याहून कमी. शिक्षा झालेल्या काहींना जागा होईपर्यंत घरीच थांबावं लागलं.