निम्मा हप्ता मालकांचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो, तेथे मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद जवळजवळ एकाच वेळी येतात. पहिला आयकराचा आणि दुसरा गट आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा. पहिल्या कागदाबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण सरकारशी भांडून उपयोग नाही हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या कागदावरची रक्कम मात्र थोडी मालक भरतात आणि थोडी कर्मचारी, त्यामुळे भांडायला समोर हाडामांसाचा माणूस उपलब्ध असतो. आणि मालक वरच्या मजल्यावर बसत असल्यामुळे तो माणूस म्हणजे मी असतो.

व्यवस्था कागदावर अगदी सरळ आहे. कर्मचारी, त्याची पत्नी आणि दोन मुले यांचा हप्ता पूर्णपणे कंपनी भरते. आई-वडिलांना विम्यात घ्यायचे असल्यास त्यांच्या हप्त्याचा निम्मा भार कंपनी उचलते आणि उरलेला निम्मा कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा महिन्यांत कापला जातो. पेठेतल्या मंडळाच्या वर्गणीसारखाच हा प्रकार आहे: आकडा कोणी ठरवला हे कोणालाच सांगता येत नाही, पण शेजाऱ्याने किती दिले हे सर्वांना पाठ असते.

आजारपणाचा खर्च मालक आणि नोकर यांनी वाटून घ्यावा, ही कल्पना काही आमच्या मालकांची नव्हे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तेव्हा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा होता. ही माहिती एकदा चहाच्या वेळी मी सहज मालकांच्या कानावर घातली. त्यांनी बिस्मार्कचे मनापासून कौतुक केले, आणि तेव्हापासून पगारवाढीची चर्चा निघाली की ते हमखास विचारतात, "तुमच्या त्या जर्मन साहेबांचं काय म्हणणं होतं हो?" दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत सरकारने पगारवाढीवर बंधने घातली तेव्हा तेथील मालकांनी वाढीऐवजी आरोग्य विमा देऊन माणसे धरून ठेवली, हा भाग मी त्यांच्यापासून आजवर कटाक्षाने लपवून ठेवला आहे.

मालकांच्या निम्म्या वाट्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या नियुक्तिपत्रात कंपनीला आमच्यावर वर्षभरात येणाऱ्या एकूण खर्चाचा जो भरघोस आकडा छापलेला असतो, त्यात हा वाटा आधीच मिळवलेला असतो. म्हणजे मालक आपला वाटा माझ्या नावावर मांडलेल्या पैशांतून भरतात आणि मी माझा वाटा माझ्या नावावर उरलेल्या पैशांतून भरतो. हे मला माहीत आहे, मालकांनाही माहीत आहे, आणि आम्ही दोघेही त्यावर कधी बोलत नाही. कारण बोललो, तर त्यांना औदार्य आणि मला कृतज्ञता सोडून द्यावी लागेल.

तरीही खरा वैताग एकवीस हजारांचा आहे. ज्याचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तो ‘कर्मचारी राज्य विमा’ योजनेत, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यात ईएसआयमध्ये, असतो. या योजनेचा मूळ कायदा १९४८ चा. जुलै २०१९ पासून तिच्यात मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. पूर्ण एकवीस हजार वेतन धरले, तर मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे होतात. तेवढ्यात बायको, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, आणि उपचारांच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. (रांगेलाही नाही, असे त्या रांगेत उभे राहिलेले सांगतात.)

गेल्या वर्षी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, यंत्रावरच्या एका मुलाच्या कामावर मालक खूश झाले आणि त्यांनी त्याचा पगार २०,८०० रुपयांवरून २१,५०० रुपये केला. तो दुपारच्या सुट्टीत पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला खुर्चीवर बसवले, पाणी दिले आणि कागदावर मांडून दाखवले की, सातशे रुपये वाढले, चालू सहामाही संपली की ईएसआयचे १५६ रुपये कापायचे थांबतील, पण आई-वडिलांना गटविम्यात घेतल्यावर त्यांच्या ३०,००० रुपयांच्या हप्त्यापैकी निम्मे, म्हणजे दरमहा १,५०० रुपये, कापले जातील. थोडक्यात, पगारवाढीनंतर दहा महिने हातात ६४४ रुपये कमी पडतील. त्याने पुडा सोडायला घेतलेला दोरा पुन्हा गुंडाळला.

"सायेब, मग वाढ परत घ्या की."

"अरे, पगारवाढ परत कशी घेणार?"

"अर्ज देतो."

आणि त्याने खरोखरच दिला. "पगारवाढ रद्द होऊन मिळणेबाबत" असा विषय असलेला तो अर्ज आमच्या कार्यालयाच्या इतिहासात एकमेव आहे. मालकांनी तो वाचला तेव्हा त्यांना प्रथम गहिवरून आले, नंतर संशय आला की या मुलाला गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याने उचलले असावे, आणि त्या संशयाच्या भरात त्यांनी त्याचा पगार थेट साडेबावीस हजार केला. पेढे तोवर जरा कडक झाले होते, पण आम्ही खाल्ले.

गटविम्याच्या अर्जात एक रकाना आहे, आणि कारखान्यातील विवाहित पुरुषांच्या झोपेचे वाटोळे त्या रकान्याने जेवढे केले तेवढे रात्रपाळीने केलेले नाही. "आई-वडील किंवा सासू-सासरे" असे त्यात छापलेले आहे. दोहोंपैकी एकच जोडी निवडायची. इकडची आई आणि तिकडचे वडील असे मिश्रण चालत नाही. हा नियम ज्याने केला तो बहुधा अविवाहित असावा. आमचे फोरमन पूर्वी एक वर्ष आपले आई-वडील आणि पुढचे वर्ष सासू-सासरे अशी आलटून पालटून नावे देत असत, त्यामुळे त्यांच्या घरात आजारी पडण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. विमा कंपनीने ती सोय बंद केली आणि एकदा दिलेली जोडी बदलता येणार नाही, असे कळवले. त्या वर्षी पाळी त्यांच्या सासऱ्यांची होती. तेव्हापासून फोरमनच्या आईंनी कारखान्यातील कोणाच्याही लग्नाला येणे सोडले आहे.

माझ्या घरी हा विषय गेल्या वर्षी रात्री भाकरी थापल्या जात असताना निघाला. माझी पत्नी शाळेत गणित शिकवते.

"अहो, निम्मा हप्ता कंपनीचा ना?"

"हो."

"आणि निम्मा तुमच्या पगारातला?"

"हो."

"आणि घरात आलेला पगार दोघांचा, असं तुम्हीच सत्यनारायणाच्या पूजेला सगळ्यांच्या देखत म्हणाला होता. म्हणजे पाव हप्ता माझा झाला. त्या पाव हप्त्यात माझे पप्पा निदान एका गुडघ्यापुरते तरी बसायला पाहिजेत."

या युक्तिवादात चूक कोठे आहे, ते मला अजून सापडलेले नाही. विमा कंपनी गुडघ्यांची अशी फुटकळ नोंदणी करत नाही, एवढेच मी सांगू शकलो. अखेर माझ्या वडिलांच्या हर्नियाने निकाल लावला. त्यांचे दुखणे बळावले, जोडी इकडची ठरली, आणि कागलला सासऱ्यांना तसे फोनवर कळवण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे मला कळले की हप्ता वाटून घेतला म्हणजे वाटणी संपली, असे नसते. रुग्णालयात ती नव्याने सुरू होते. आमच्या पॉलिसीत विम्याची रक्कम ३ लाख आणि खोलीचे भाडे दिवसाला त्याच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत मान्य आहे. मी त्या भाड्याची खोली मागितली. आबांनी ती दारातूनच पाहिली आणि आत यायला नकार दिला.

"हितं माणसं बसणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. पन्हाळ्याकडच्या आमच्या गावात माणूस दवाखान्यात आहे असे कळले की वडापची जीप भरून मंडळी निघतात, आणि प्रत्येकाच्या हातात एक डबा असतो. त्यामुळे आबांनी ४,५०० रुपयांची, सोफा असलेली खोली घेतली. त्यांच्या मते वरचे दीड हजार आपण भरले की विषय मिटला. विमा कंपनीच्या मते विषय तेथे सुरू होतो. मान्य भाडे घेतलेल्या भाड्याच्या दोन तृतीयांश आहे, म्हणून शल्यविशारदांची फी, भूलतज्ज्ञांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि परिचर्या यांचेही दोन तृतीयांशच मान्य होतात. औषधे, तपासण्या आणि पोटात बसवलेली जाळी तेवढी या कात्रीतून सुटते. आमचे कात्रीत सापडणारे बिल ९०,००० रुपयांचे होते, त्याचे ६०,००० झाले. सुटलेले ३०,००० मिळवून पुन्हा ९०,००० झाले. त्यातून आई-वडिलांच्या उपचारांत आपण स्वतः सोसायचा २० टक्के सहभाग, म्हणजे १८,००० रुपये, वजा झाला. एक लाख वीस हजारांतले ७२,००० विम्याने दिले आणि ४८,००० मी. सोफ्यावर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

शिवाय बिलाच्या शेवटच्या पानावर न मिळणाऱ्या वस्तूंची यादी होती: हातमोजे, कापूस, आणि "प्रवेश संच" या भारदस्त नावाखाली एक साबण, एक टूथब्रश व एक कंगवा. आबांच्या डोक्यावर माझ्या आठवणीत केस नाहीत. पैसे भरले आहेत म्हटल्यावर त्यांनी तो कंगवा पिशवीत टाकला आणि घरी आल्यावर मिशांसाठी लावून घेतला.

विमा नियामकांनी २०२४ साली असा दंडक घातला आहे की, रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा आणि घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. नियम उत्तम आहे. मात्र हे तीन तास रुग्णालयाची विनंती विमा कंपनीकडे पोहोचल्यापासून मोजले जातात, आणि रुग्णालयाची विनंती बिल विभागातून निघायला जो वेळ लागतो, तो कोणाच्याच घड्याळात धरत नाहीत. आबा सकाळीच धोतर नेसून, टोपी घालून पलंगाच्या कडेला बसले होते. दुपारपर्यंत गावाकडच्या मंडळींनी दोन वेळा चहा घेतला, उसाच्या पहिल्या उचलीवर चर्चा केली आणि एका सोयरिकीचे जवळजवळ जमवत आणले.

यंदाचा नूतनीकरणाचा कागद आला तेव्हा आई-वडिलांच्या जोडीचा हप्ता ३०,००० वरून ३६,००० झाला होता. विमा एजंटांनी जेवणाच्या खोलीत सर्वांना एकत्र बसवून समजावले की, गटाने वर्षभरात भरलेल्या हप्त्यांपेक्षा घेतलेले दावे जास्त झाले, म्हणून दर वाढला. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. तरीही सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "आबांचा हर्निया आमच्या पगारातनं गेला म्हणा की," असे फोरमन म्हणाले, आणि मग त्यांच्या सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीची आठवण मी काढल्यावर ते डबा उघडण्यात गुंतले.

एजंटांना पुढे जीएसटीवरून घेरण्यात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला आहे, पण गटविम्यावर तो १८ टक्केच राहिला आहे. "म्हंजे एकट्यानं घेतला तर कर न्हाई, आणि सगळ्यांनी मिळून घेतला तर अठरा टक्के? मग शाळेत एकीचं बळ कशाला शिकवलं?" असे सीएनसीवाल्या मुलाने विचारले. एजंटांकडे यावर उत्तर नव्हते, पण उपाय होता: ज्याला हवे त्याने आई-वडिलांचा वेगळा विमा घ्यावा. मात्र आमच्या गटविम्यात जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरली जातात आणि वैयक्तिक पॉलिसीत त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, हे त्यांनीच सांगितल्यावर उठलेली माणसे पुन्हा बसली.

मालकांनी स्वतः खाली येऊन प्रस्ताव मांडला. निम्मा-निम्मा हे गणित आता सोडून द्यावे, कंपनी एका जोडीमागे ठोक १५,००० रुपये देईल, वरचे ज्याने त्याने पाहावे. म्हणजे आमचा वाटा २१,००० झाला असता. "तुमचे जर्मन साहेब तर दोन तृतीयांश घ्यायचे, मी अजून तेवढं मागत नाही," असे ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि त्यानंतर पंधरा-वीस माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती वर्णन करण्याजोगी नव्हती.

मग एजंटांनी तिसरा मार्ग काढला. आई-वडिलांचा सहभाग २० ऐवजी ३० टक्के केला, तर हप्ता पुन्हा ३०,००० वर येतो आणि निम्मे-निम्मे टिकते. ज्यांचे आई-वडील धडधाकट, त्यांनी ताबडतोब हात वर केले. ज्यांच्या घरी औषधांचे डबे भरलेले, त्यांना हप्ता वाढलेला चालणार होता. दंगल फार रंगली. कोणाची आई खरी आजारी आणि कोणाची नुसती कुरकुरणारी, याची जाहीर छाननी झाली, गंगावेशीत रोज धारोष्ण दूध पिणाऱ्या एका वडिलांचा दाखला तीनदा दिला गेला, आणि शेवटी धडधाकटांचे दोन हात जास्त भरले. सहभाग ३० टक्के झाला. मालक समाधानाने वर गेले, कारण त्यांचा आकडा हलला नव्हता. वाढलेला भार जो पुढे आजारी पडेल त्याच्या खाटेखाली सरकवला गेला होता.

घरी मला वाटले होते की यंदा तरी रकान्यावरून काही होणार नाही. सासरे सत्तर ओलांडून गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि त्यांचे कार्ड मी स्वतः मोबाइलवर काढून दिले. त्यात कोणत्या रुग्णालयात कोणता गुडघा बसतो, याची चौकशी ते उत्साहाने करत आहेत. पत्नीने ते कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले.

"पप्पांचं सरकारनं केलं. बरं झालं. आता तुमच्या कंपनीनं आईचं करायला नको का? तिला सत्तर व्हायला अजून चार वर्षं आहेत."

"अगं, एकदा दिलेली जोडी बदलता येत नाही. आणि एकट्या आईंना घेता येत नाही."

"पण आबा पण सत्तरच्या वर आहेत की. त्यांचं कार्ड काढा. म्हणजे तुमच्या आई आणि माझी आई, अशी जोडी होते."

मी एजंटांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग, असा प्रस्ताव आजवर कोणाकडून आला नव्हता, मुंबईला विचारून सांगतो, असे म्हणाले. मुंबईचे उत्तर आलेले नाही. काल मालकांनी वरून निरोप पाठवला की, सगळ्यांचे अर्ज पोहोचले, हिशेबनिसांचाच राहिला आहे, आणि उद्यापर्यंत न आल्यास निम्मा वाटा कंपनी भरणार नाही.