दोन दिवसांच्या तापाला विडाल कशाला?

सप्टेंबर आला, निंदण-खुरपणाची गर्दी असली, की आमच्या यवतमाळकडे घरटी एकाला टायफाइड निघतो. ताप कालचा, आज हातात विडालचा रिपोर्ट, संध्याकाळी सलाईन. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून स्पष्टच लिहितो: यातल्या बऱ्याच जणांना टायफाइड नसतोच.

विडाल ही टायफाइडसाठीची १८९६ सालची रक्ततपासणी. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती बनायलाच साधारण आठवडा जातो. शिवाय पूर्वी टायफाइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, नाहीतर मलेरियासारखा दुसराच ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्री करायची तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवावं लागतं.

पण खिडकीशी मावशी येते. "भाऊ, टायफाइडचं रगत तपासून द्या न. नाहीतर पोरगं म्हणन, सरकारीत नुसत्या गोया देल्ल्या." तिचं काय चुकलं? १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात तपासण्या मोफत झाल्या, हे उत्तमच. पण भरलेल्या ओपीडीत समजावत बसण्यापेक्षा चिठ्ठीवर टिक मारणं डॉक्टरलाही सोपं जातं.

माझा खरा राग पुढे आहे. टायफाइडचा शिक्का बसला की शोध थांबतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसने माणसं गेली. गवता-झुडपातल्या बारीक अळ्या चावून होणारा हा ताप, म्हणजे निंदायला जाणाऱ्या बायांना हमखास धोका. वेळेत कळला तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी बरा होतो. टायफाइडसाठी टोचतात त्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला तो दाद देत नाही. चावल्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला. ती माझ्या लॅबमध्ये सापडत नाही, लुगडं सरकवून बघावी लागते. त्याला पाहिजे एक पडदा, एक सिस्टर आणि पाच मिनिटं. नेमकं तेच आमच्याकडे नसतं.

कोणी म्हणेल, विदर्भात आधीच आजार उशिरा सापडतात, आणि तुम्ही तपासण्या कमी करा म्हणता? सिकलसेल, टीबी, मलेरियाच्या वाढवाच की! तिथे रिपोर्टवरून उपचार ठरतो. विडालचं तसं नाही. एमआरआयमधल्या 'मणक्यातल्या गॅप'चंही बहुतेकदा नाही: पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांतही सुमारे ८० टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. आणि इकडे तेवढ्या कागदावर माणूस ऑपरेशनसाठी वावर गहाण टाकायला निघतो.

तेव्हा जिल्हा आरोग्य विभागाने एवढं करावं. पहिल्या आठवड्याच्या तापाला विडाल लिहायची नाही, आणि ताप लांबला तर कल्चरचा नमुना वर पाठवायची सोय करायची. हा आदेश तोंडी नको, लेखी काढा आणि लॅबच्या खिडकीवर चिकटवा. तपासणी नाकारली म्हणून शिव्या खायला तिथे आम्हीच उभे असतो.